अक्षर-उडी

कर्वेनगर, पुणे
गुरुवार, दुपार

प्रिय निकिता,

तुला कागदावर पत्र लिहितोय हे बघून तू आधी हसशील. आपण दिवसाला चाळीस मेसेज करणारी माणसं. त्यातले पस्तीस माझे, पाच तुझे, आणि तुझ्या पाचांतले दोन नुसते अंगठे. पण मेसेजवर माझं काय होतं ते तुला माहीत आहे. पहिल्या दोन ओळी शहाण्या मुलासारख्या लिहितो, तिसरीला भडकतो, चौथीला सगळं डिलीट करतो. मग तू फोन करून विचारतेस काय पुसलंस, आणि मी म्हणतो काही नाही गं. आज ते 'काही नाही गं' नकोय. म्हणून रंगराव शेठच्या दुकानाचं लेटरपॅड घेतलंय. वर 'फ्लेक्स, स्टिकर, नंबरप्लेट' असं लाल अक्षरांत छापलंय, तिकडे बघू नकोस. शेठ समोर बसून चष्म्यावरून बघतायत. एवढं लांब बिल या पॅडवर आजवर कुणी लिहिलेलं नाही.

रविवारी अकरा वाजता विहाराच्या हॉलमध्ये समितीची बैठक आहे. तुझी बालवाडी आहे तशी चालू द्यायची, की खेळ बंद करून मुलांना ओळीत बसवायचं, हातात पाटी द्यायची आणि 'अ अननसाचा' घोकून घ्यायचं, हे त्या दिवशी ठरणार. छोट्या मुक्ताईचं मनगट मोडल्यापासून भीमरावकाकांचं मन पाटीकडे झुकलंय, आणि अध्यक्षांचं मन झुकलं की समिती झुकते, हे तूच सांगितलंस. मला म्हणालीस, बैठकीत तू बोल, साहित्य तुझ्या हातचं आहे, तुझं ऐकतील. मी लगेच हो म्हणालो. तुला हो म्हणायला मला कधी विचार करावा लागलेला नाही. त्या हो ला आज तीन दिवस झाले आणि तो तू म्हणालीस तसा मला पाळता येणार नाहीये. का, ते सांगायचं तर जूनपासून सुरुवात करावी लागेल.

जूनमध्ये तू पहिल्यांदा दुकानात आलीस तेव्हा मी कसा होतो आठव. वाघोलीचं कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलेलं. लोकांना सांगताना मी 'इंटरेस्ट नव्हता' म्हणतो. खरं म्हणजे प्रॅक्टिकलच्या सरांनी सगळ्या बॅचसमोर म्हटलं, हे धाराशिवकडून येतात आणि मशीन बघून घाबरतात. मी त्यांच्या टेबलावरच जर्नल फाडली आणि गेटबाहेर आलो. दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागितली असती तर सगळं निभावलं असतं, असं सगळे म्हणाले. मी गेलो नाही. वडील तीन महिने माझ्याशी बोलले नाहीत. शेठकडे लागलो, कारण कटिंगचं मशीन मला येत होतं आणि इथे कुणी मार्क देत नव्हतं. अशा माणसासमोर तू येऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, बालवाडीसाठी अक्षरतक्ता करून हवाय, पण त्यात अ नको.

मी हसलो. म्हटलं, मॅडम, अ शिवाय तक्ता कसा होईल. तू जराही न चिडता म्हणालीस, "अ ला माझ्याकडे कुणी ओळखतच नाही. मुक्ताई आहे, तिला म हवा. ज्याचं त्याचं अक्षर आधी." आणि पिशवीतून अठ्ठावीस मुलांच्या नावांची यादी काढलीस. पहिली अक्षरं मोजली तर एकोणीस भरली. शेठ म्हणाले, एकोणीस अक्षरांचा तक्ता मी पहिल्यांदाच बघतोय, बाकीची संपावर गेली का. तू हसलीस आणि मला त्या क्षणी शेठचा राग आला. तुला हसवणारा माणूस मी असायला हवा होतो. शेठ बासष्ट वर्षांचे आहेत. माझं हे असं आहे, तेव्हापासूनच होतं, तू म्हणतेस तसं केदारमुळे सुरू झालेलं नाही.

तक्ता तर झालाच, पण मी सनबोर्डच्या जाड पुठ्ठ्याच्या उरलेल्या तुकड्यांवर पॉलिश पेपर चिकटवून एकोणीस खरखरीत अक्षरं कापली आणि न सांगता घेऊन आलो. तू मुलांच्या डोळ्यांवर ओढणी बांधलीस आणि एकेकाचं बोट अक्षरावरून फिरवलंस. मुक्ताई सगळ्यांत लहान, चार वर्षांची, नाक वाहतंय, आणि तिने म वरून बोट फिरवलं. आधी गाठ, मग आडवी रेघ, मग काठी. ओढणी न काढताच म्हणाली, हा माझा आहे. तू माझ्याकडे बघितलंस. कॉलेजात तीन वर्षं मी जे काही केलं त्यातलं काही कुणाच्या बोटाला लागलं नव्हतं. हे लागलं. त्या दिवसापासून मी तुझा झालो. तुला त्याच दिवशी कळलं होतं, फक्त तू कधी बोलली नाहीस.

मग आपण काय काय केलं. ताटात रवा पसरून बोटाने अक्षर काढायचं, आणि साई दर वेळी आपला स खाऊन टाकायचा. कणकेच्या वळ्या करून अक्षरं वळायची. पिशवीत वस्तू घालून अक्षरांचा बाजार भरवायचा. च साठी चमचा ठेवला होता, तर एकाने दारातून तुझी चप्पल आणून ठेवली आणि तू ती मान्य केलीस. मला सगळ्यांत आवडायचा तो भिंतीचा खेळ. रंगाऱ्याचा जुना ब्रश, बादलीभर पाणी, विहाराच्या मागची उन्हातली भिंत. मुलांनी पाण्याने हातभर मोठं अक्षर काढायचं आणि ते वाळून जायच्या आत ओरडून वाचायचं. चुकलं तरी ऊनच पुसणार, कुणी रागावायचं कारण नाही. तू म्हणालीस, या भिंतीवर नापास होता येत नाही. घरी जाताना ते वाक्य मी चार वेळा मनात म्हटलं. मुलं मला स्टिकरदादा म्हणायला लागली. दर शनिवारी शेठ विचारायचे, आज कुठल्या विषयाचं लेक्चर, आणि मी अर्धा दिवस सुट्टी घेऊन निघायचो.

डिसेंबरात हिंजवडीच्या कंपनीतले ते सात जण आले. सगळ्यांचे एकाच रंगाचे टी-शर्ट. सहा जणांनी मुलांबरोबर फोटो काढले, बिस्किटं वाटली आणि परत कधी दिसले नाहीत. सातवा पुढच्या शनिवारी पुन्हा आला, एकटा, साध्या शर्टात. तो केदार. मी ठरवलं होतं की हा महिन्याभरात कंटाळेल. त्याच्याबद्दल वाईट बोलता येईल असं काही शोधत मी तीन शनिवार घालवले. इंग्रजी फार बोलेल असं वाटलं, तर मुलांशी शुद्ध मराठीत बोलतो. पैशाचा तोरा दाखवेल वाटलं, तर बसने येतो. चिडत नाही. मुलांनी त्याच्या पाठीवर कणीक थापली तेव्हाही चिडला नाही. न चिडणाऱ्या माणसाचा मला किती राग येतो हे मला तेव्हा कळलं.

आणि मग त्याने तो फरशीवर झोपायचा खेळ काढला. अंगाने अक्षर करायचं. ट एकट्याने होतो, तो गुडघे पोटाशी घेऊन ट झाला आणि मुलं हसून लोळली. प ला मात्र जास्त माणसं लागतात. त्या शनिवारी मला दुकानात माघी गणपतीच्या मंडळाच्या कमानीचं काम होतं, मी आलो नव्हतो. तू फोटो पाठवलास. प ची काठी केदार, आणि प चं पोट तू आणि पूर्णिमा नावाची ती दोन वेण्यांची मुलगी. तू खाली लिहिलंस, बघ किती छान प. मी बघितला. दोन बोटांनी मोठा करून बघितला. तुझ्या डोक्यात आणि त्याच्या खांद्यात किती अंतर आहे ते मोजायचा प्रयत्न केला, आणि खरं सांगतो, फरशीचा चौकोन दोन फुटांचा आहे हे मला माहीत असल्यामुळे मी ते मोजू शकलो. नऊ इंच. नऊ इंचांवर मी आठवडाभर जळत होतो.

त्यानंतर मी तुझ्या बोलण्यात 'केदार म्हणतो' किती वेळा येतं ते मोजायला लागलो. एका चहात सात. मुलं त्याला उडीदादा म्हणायला लागली, कारण तो उड्या मारत अक्षरं शिकवायचा. खडूने फरशीवर अक्षर काढायचं, नाव घेतलं की त्यावर उडी. माझी खरखरीत अक्षरं कपाटात गेली. तू म्हणालीस गेली नाहीत, बुधवारी वापरतो. मी बुधवारी येत नाही, मला काय माहीत. मी टोमणे मारायला लागलो. तू म्हणालीस आज थकले, की मी म्हणायचो, प केला असशील. एकदा तू चहा अर्धा ठेवून उठलीस आणि उत्तरेश्वरचं नेहमीप्रमाणे 'उत्तर' करून म्हणालीस, "उत्तर, माझ्याकडे अठ्ठावीस मुलं आहेत. तू एकोणतिसावा होऊ नकोस." मला ते झोंबलं. पण सगळ्यांत जास्त काय झोंबलं सांगू का, एकोणतिसाव्यालाही तू आधी त्याचं अक्षर शिकवलं असतंस, आणि मी तुझा कोण हे तर तू मला सांगतही नव्हतीस.

जानेवारीच्या शेवटी त्याचं काम आमच्याच दुकानात आलं. खडू रोज पुसला जातो, तर फरशीवर कायमची मोठी अक्षरं चिकटवू, ही कल्पना त्याची, आणि 'उत्तरेश्वर करून देईल, त्याच्यासारखं कटिंग कर्वेनगरात कुणी करत नाही' हे तुझं. तू हे म्हणाल्याचं त्यानेच मला सांगितलं, दुकानात, शेठसमोर, अगदी कौतुकाने. तुझ्या तोंडचं माझं कौतुक मला त्याच्या तोंडून ऐकावं लागलं. शेठ त्याला म्हणाले, आपण बसा. दोन वर्षांत शेठ मला आपण म्हणाले नाहीत, आणि बस तर कधीच म्हणाले नाहीत. केदारने वहीतून मापं काढली. एकोणीस अक्षरं, दीड-दीड फूट. मुलं उड्या मारणार आहेत, तेव्हा वरून खरखरीत फिल्म लाव, एवढं त्याने दोनदा सांगितलं. मी म्हणालो, माझं काम मला माहीत आहे. तो म्हणाला, अरे हो, सॉरी. तो गेल्यावर मी काय केलं ते पुढे येईल. आत्ता हात चालत नाही.

पुढच्या शुक्रवारी मी आणि त्याने मिळून अक्षरं चिकटवली. मी प्लॅस्टिकची पट्टी फिरवत होतो, तो मागचा कागद ओढत होता. पहिला शनिवार तू विसरणार नाहीस. मुलं सकाळपासून दारात रांग लावून. तू नाव घेतलंस की आपापल्या अक्षरावर धाड. पूर्णिमा म्हणाली मी सगळ्यांच्या अक्षरांवर उडी मारणार, आणि मारली, आणि मारता मारता तिला एकोणीसच्या एकोणीस वाचता आली हे तुझ्या लक्षात आलं तेव्हा तू तोंडावर हात ठेवलास. आठ महिन्यांत जे झालं नव्हतं ते एका सकाळी झालं. ते माझ्या कटिंगमुळे झालं असं तू सगळ्यांना सांगितलंस. मला ते पुरलं नाही. तू टाळी मात्र केदारला दिलीस.

दुसरा शनिवार. आदल्या संध्याकाळी हॉलमध्ये कार्यक्रम होता, सकाळी फरशी पुसली होती, कोपऱ्यात अजून ओल होती. तू म्हणालीस, मुक्ताई, तुझा कुठला, आणि ती धावत आली आणि दोन्ही पायांनी म वर उडी मारली. पाय पुढे गेले आणि ती मागे गेली. मी दारात होतो. अंगाखाली हात सापडल्याचा आवाज मी ऐकला. तू तिला उचललंस, केदारने रिक्षा आणली, मी तिथेच उभा राहिलो. तू नंतर म्हणालीस, तुला धक्का बसला होता. हो, बसला होता. पण तुला वाटतो तो नव्हे.

मुक्ताईचे वडील, नागोराव, कामावरून धावत आले, अंगावर सिमेंट तसंच. केदार त्यांच्यासमोर उभा राहून म्हणाला, माझी चूक आहे, खेळ मी आणला, ओल मी बघायला हवी होती. नागोराव स्वतः फरशी बसवायचं काम करणारे. ते म्हणाले, फरशीवर पाय सरकतंय सर, आमचं रोजचंच हाय, पोरगी बरी होईल. त्यांच्या जागी मी असतो तर मी माणसाची कॉलर धरली असती. सोमवारी समितीने केदारला सांगितलं की यापुढे येऊ नका, आणि बाहेरचं कुणीच नको. फरशीवरची अक्षरं खरवडून काढली. ती खरवडायला मीच आलो होतो, आठव, कुणी बोलावलेलं नसताना. एक तुकडाही मागे ठेवला नाही. तू म्हणालीस, किती करतोस रे.

आणि त्या संध्याकाळी तू दुकानात आलीस. शेठनी स्टूल पुढे केलं. तू बसलीस आणि रडलीस, आणि म्हणालीस, "तुझीच अक्षरं बरी होती उत्तर. मी उगाच त्याच्या मागे लागले." निकिता, हे वाक्य ऐकण्यासाठी मी दोन महिने जगत होतो. ते कसं ऐकेन, त्यावर काय म्हणेन, सगळं ठरवून ठेवलं होतं. ते आलं, आणि मी तुला पाणी आणायच्या निमित्ताने आत गेलो आणि मशीनपाशी उभा राहिलो. बाहेर आल्यावर तू बैठकीचं विचारलंस, आणि मी हो म्हणालो.

मंगळवारी मी मुक्ताईकडे गेलो, कॅनॉलजवळच्या त्यांच्या खोलीवर. तुला सांगितलं नाही. कोपरापर्यंत प्लास्टर, त्यावर कुणीतरी फूल काढलेलं. माझ्याकडे तिचा तो पहिला खरखरीत म होता, कपाटातून घेतलेला. म्हटलं, चांगल्या हाताचं बोट फिरव. तिने हात पाठीमागे नेला. मी म्हटलं, अगं तुझा आहे ना. ती म्हणाली, "नको. म पाडतो." नागोरावांची बायको हसली, म्हणाली, आता नाव विचारलं तरी सांगत नाही, नुसती मान हलवते. तिला ते हसण्यासारखं वाटलं, बिचारीला. मी चहा न घेता उठलो. आपण आठ महिने खटपट करून एका मुलीला एक अक्षर दिलं होतं, आणि ते आता तिच्यापाशी नाही. हाड पाच आठवड्यांत जुळेल, डॉक्टरांनी सांगितलंय. अक्षराचं कुणीच काही सांगितलेलं नाही.

म पाडत नाही, निकिता. मी पाडलं. केदार दुकानातून गेल्यावर शेठ जेवायला घरी गेले. रॅकवर दोन रोल होते. एक खरखरीत फिल्मचा, जमिनीवरच्या स्टिकरसाठी असतो तो. दुसरा चकचकीत, पाट्यांना लावतो तो. मी चकचकीत घेतला. माझा हिशोब असा होता की ही फिल्म पायाखाली आठवड्यात ओरखडते, कडा उचलतात, धूळ धरते; अक्षरं घाण दिसतील, खेळ आपोआप बंद पडेल आणि तू म्हणशील, केदारच्या कल्पना चार दिवसांच्या, उत्तरचीच अक्षरं टिकली. बस, एवढंच. मुलं घसरतील हे मनात आलं नाही असं लिहिलं तर कागदावर पहिलं खोटं होईल. आलं होतं. मी म्हटलं, अनवाणी असतात, वजन काय त्यांचं, काही होत नाही. आणि मशीन चालू केलं. चिकटवताना केदार म्हणाला होता, हे जरा चमकतंय का रे. मी म्हणालो, दोन दिवसांत बसेल. तो म्हणाला, तुझं काम, तू जाणतोस. त्याने माझ्यावर विश्वास ठेवला याचाही मला त्या वेळी राग आला होता. परवा त्याचा मेसेज आला, तुझी एवढी मेहनत माझ्यामुळे वाया गेली, मनापासून सॉरी. मी फोन भिंतीवर आपटला. स्क्रीन गेली. तू विचारलंस तेव्हा मी म्हणालो, पडला.

आज सकाळी मी शेठना सगळं सांगितलं. मला वाटलं काढून टाकतील, आणि खरं तर तेच बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "कॉलेज सोडलंस तेव्हा तू स्वतःचं नुकसान केलंस, त्यात मी बोललो नाही. हे दुसऱ्याच्या पोरीचं केलंयस." मग बराच वेळ एका नंबरप्लेटवर काम करत राहिले आणि शेवटी म्हणाले, रविवारी दुकान मी उघडीन, तू यायचं नाहीस, तुला तिकडे जायचंय.

तर पत्र का लिहिलं. रविवारी मी बैठकीत बोलणार आहे, पण तू सांगितलंस ते नाही. साहित्य किती चांगलं ते मी सांगणार नाही. मी भीमरावकाकांसमोर, नागोरावांसमोर उभा राहून सांगणार आहे की खेळात खोट नव्हती, केदारच्यात नव्हती, तुझ्यात तर नव्हतीच. खोट फिल्ममध्ये होती आणि ती मी जाणूनबुजून घातली. मुलांकडून भिंतीवरचं पाणी, ताटातला रवा आणि फरशीवरची उडी काढून घ्यायची नसेल तर त्यांना खरं कारण कळायला हवं. ते तू सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्या नजरा तुझ्यावर असताना ऐकू नयेस, म्हणून आज. फोनवर सांगितलं असतं तर तू गप्प झाली असतीस आणि मी भडकून दोष तुझ्यावर टाकला असता, म्हणून कागद. केदारलाही बैठकीला बोलाव. त्याला मी वेगळं पत्र लिहिणार नाही, तेवढा चांगला मी अजून झालेलो नाही; त्याने तिथेच ऐकावं. तो ऐकून शांत राहील, कदाचित मला माफही करून टाकेल, आणि मला त्याचा पुन्हा राग येईल, तो येऊ दे. माफी मागणं मला येत नाही हे तुला वाघोलीच्या गोष्टीवरून माहीत आहे, ते रविवारी सगळ्यांसमोर पहिल्यांदा करून बघणार आहे, चुकत माकत होईल. त्यानंतर तू माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव, मी विचारणार नाही, चाळीस सोड, एकही मेसेज करणार नाही. फक्त एक मागतो. मी बोलत असताना माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. पण केदारकडेही बघू नकोस. दहाच मिनिटं लागतील मला.

तुझाच, हा शब्द तू खोडलास तरी,
उत्तरेश्वर